ग्रंथालयाची मधली फळी

(मंडळाच्या स्वयंसेवक मेळाव्यात केलेले भाषण. मराठी वाचनालय बंद करण्याचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे, त्या निमित्ताने हा मेळावा भरला होता.)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी ग्रंथपाल नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि गेली बारा-तेरा वर्षं आयटी कन्सल्टंट म्हणून काम करतोय. कन्सल्टंट म्हणजे नक्की काय करतोस, असं आजीनं एकदा विचारलं होतं. म्हटलं, लोकांच्या ऑफिसात जायचं, त्यांचं काम कसं करावं हे त्यांनाच समजावून सांगायचं आणि मग बिल पाठवायचं. आजी म्हणाली, "आपल्या वाड्यातले तात्या हेच करायचे की रे. फक्त बिल पाठवत नव्हते."

कार्यकारिणीनं मला सांगितलं, ग्रंथालयांच्या एका प्रोजेक्टवर तू काम केलं आहेस, तर ग्रंथालय चांगलं कसं चालवतात यावर बोल. स्लाइड्स आणशीलच असंही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आज एकही स्लाइड आणलेली नाही. या विषयावर मी शेवटची जी स्लाइड केली ती चुकीची होती, आणि आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

दोनेक तासांच्या अंतरावर एक काउंटी आहे. नाव सांगत नाही. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला जुनं सॉफ्टवेअर बदलून नवं घ्यायचं होतं. पुस्तकांची नोंद, सभासदांची नोंद, देवघेव, राखून ठेवलेली पुस्तकं, सगळं एकाच प्रणालीत. आमच्या कंपनीला ते काम मिळालं. सोबत आणखी एक छोटं काम होतं: कर्मचाऱ्यांच्या रचनेचा अभ्यास करून खर्च कुठे वाचेल ते सुचवणं. ते माझ्याकडे आलं.

ज्यांचा संबंध फक्त पुस्तकं आणून परत करण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी ही रचना थोडक्यात सांगतो. सगळ्यात वर विश्वस्तांचं बोर्ड. ते धोरण ठरवतं, बजेट मंजूर करतं आणि डायरेक्टर नेमतं. सगळ्यात खाली काउंटरवर देवघेव करणारे कारकून, आणि परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावणारी कॉलेजातली मुलं. त्या मुलांना इथे 'पेज' म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये शाखेचा मॅनेजर, देवघेव विभागाची सुपरवायझर, बाल विभागाची प्रमुख, आणि नवीन पुस्तकांना क्रमांक देऊन त्यांची नोंद करणाऱ्या विभागाची प्रमुख. म्हणजे मधली फळी.

मराठीत हा शब्द किती चपखल आहे बघा. पुस्तकं ठेवतो ती फळी, आणि क्रिकेटमधलीही फळी. सलामीवीराचा फोटो पेपरात येतो, शेवटच्या षटकात षटकार मारणारा टीव्हीवर येतो. पण तीस धावांत तीन बाद झाल्यावर जो एकेक धाव काढत डाव सावरतो, त्याची आठवण आपल्याला तो संघात नसतो तेव्हा येते.

त्या काउंटीच्या एका शाखेत देवघेव विभागाच्या सुपरवायझर बाई होत्या. साठीच्या जवळपास, तीसेक वर्षं तिथेच नोकरी. मी त्यांच्यामागे तीन आठवडे वही घेऊन फिरलो. दर पंधरा मिनिटांनी काय करताय ते लिहून घ्यायचं, असं ते काम.

त्यांचा सोमवार असा असे. सकाळी आठला रविवारच्या पेटीतली पुस्तकं काढायची. मग 'प्रवासात' असलेल्या पुस्तकांची यादी छापायची. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जायला निघालेलं पुस्तक तिथे पोचून स्कॅन होईपर्यंत सिस्टिममध्ये 'प्रवासात' दिसतं. दहा दिवसांहून जास्त प्रवासात असलेलं पुस्तक दिसलं की बाई फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या मागच्या दाराआड बघा, निळा टब असेल." आणि टब असायचा! तेवढ्यात कोणीतरी आजारी असल्याचा फोन येई. मग काउंटरचं तासातासाचं वेळापत्रक पुन्हा लिहायचं. नव्या मुलीला शाळा सुटायच्या वेळी काउंटरवर एकटं ठेवायचं नाही. ज्याची आई हॉस्पिटलमध्ये आहे, त्याला आज मागच्या खोलीतलं काम द्यायचं. दुपारी डायरेक्टरच्या ऑफिसात मीटिंग. तिथून परत आल्यावर, तिथे जे इंग्रजीत ठरलं ते पुन्हा इंग्रजीतच, पण काउंटरवरच्या माणसाला कळेल अशा इंग्रजीत सांगायचं.

माझ्या वहीत रकाने होते: देवघेव, पुस्तक लावणं, अहवाल, प्रशिक्षण आणि 'इतर'. तीन आठवड्यांनी बेरीज केली तर बाईंचा निम्म्याहून जास्त वेळ 'इतर'मध्ये. माझ्यासारख्या माणसाला 'इतर' दिसलं की तिथे पैसे वाचणार असं वाटायला लागतं. मी स्लाइड केली. तीन शाखांना मिळून एकच सुपरवायझर पुरेल. उरलेल्या दोन जागा रिकाम्या झाल्या की भरू नयेत. बाणांचं छान चित्र काढलं, रंग दिले. बोर्डाला आवडलं. बाई त्या वर्षी निवृत्त होणारच होत्या. त्या गेल्या आणि त्यांची जागा भरली नाही. त्यांच्यापाठोपाठ दुसरी जागाही तशीच गेली. नवं सॉफ्टवेअर ठरल्या दिवशी सुरू झालं. केक कापला. केकचा तुकडा मीही खाल्ला.

पाचेक महिन्यांनी सपोर्टच्या कामासाठी पुन्हा त्या शाखेत गेलो. काउंटरच्या बाजूला जरा थांबलो होतो. पन्नाशीचा एक माणूस तिथल्या कॉम्प्युटरवर बेकारभत्त्याचा अर्ज भरत होता. घरी इंटरनेट असलेली आपण माणसं, आपल्याला कल्पना नसते, पण या देशात असले अर्ज भरायला लायब्ररी हीच जागा असलेली माणसं खूप आहेत. त्याचा एक तास संपत आला. त्यानं कारकून मुलीला अजून दहा मिनिटं मागितली. आजूबाजूचे चार कॉम्प्युटर रिकामे होते. मुलगी म्हणाली, माझ्याकडे वेळ वाढवायचा कोड नाही, तो सुपरवायझरकडे असतो. सुपरवायझर त्या दिवशी दुसऱ्या शाखेत होत्या. तिनं फोन केला, उचलला गेला नाही. घड्याळ शून्यावर आलं, स्क्रीन बंद झाला आणि अर्ज गेला.

तो माणूस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं टोपी घातली, कागद गोळा केले आणि निघून गेला. मुलगी रडवेली झाली होती. आणि तो कोड कोणाला द्यायचा याचा तक्ता मी भरलेला होता.

नंतर चौकशी केली तेव्हा बाकीचंही बाहेर आलं. राखून ठेवलेली पुस्तकं आठ-आठ दिवस टबात पडून राहत होती, कारण 'प्रवासात'ची यादी सोमवारी छापायची हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर यादी द्यायला तयार होतं, पण ती मागणारं कोणी नव्हतं. दोन कारकून सोडून गेले होते. वर जाणारे मासिक आकडे मात्र ठीक दिसत होते. पहिले चार महिने तर खर्च कमी झाल्यामुळे ते छानच दिसत होते.

मी बाईंना फोन केला. त्या मुलीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या होत्या. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते तू मला विचारलंस. ते काम मी का करते, ते एकदाही विचारलं नाहीस."

मंडळी, आमच्या क्षेत्रात 'मिडलवेअर' नावाची एक गोष्ट असते. वापरणाऱ्याला दिसतो तो स्क्रीन, माहिती साठते तो डेटाबेस, आणि त्या दोघांमध्ये निरोपांची ने-आण करणारा हा थर. तो चालू असतो तेव्हा कोणालाच दिसत नाही. तो बंद करून खर्च वाचवू, असं कुठलाही इंजिनिअर म्हणणार नाही. तोच इंजिनिअर माणसांच्या बाबतीत ते अगदी सहज म्हणून गेला.

मी दुसरा अहवाल लिहिला, पहिल्यात काय चुकलं ते सांगणारा. आमच्या कंपनीत कोणी खूश झालं नाही. डायरेक्टरनं मात्र तो शांतपणे वाचला आणि पुढच्या बजेटमध्ये दोनपैकी एक जागा परत आणली. दुसरी आली नाही. एकदा गेलेली जागा बजेटमध्ये परत आणणं किती कठीण असतं, ते तेव्हा कळलं.

त्यानंतर मी चांगल्या चाललेल्या शाखांमध्ये गेलो आणि मॅनेजर मंडळींना 'का करता' हे विचारत बसलो. त्यातून चार गोष्टी हाताला लागल्या.

पहिली गोष्ट, दोन्ही दिशांनी भाषांतर. बोर्ड म्हणतं, "मुलांचं वाचन वाढवा." चांगली मॅनेजर त्याचं भाषांतर करते: मंगळवारी साडेतीनला शाळेची बस येते, तेव्हा बाल विभागात दोन माणसं हवीत आणि खालच्या फळीवर चित्रांची पुस्तकं हवीत. हे झालं वरून खाली. खालून वर जाणारं भाषांतर जास्त अवघड. काउंटरवरची माणसं म्हणतात, "वैताग आलाय." मॅनेजर वर जाऊन 'वैताग' म्हणत नाही. ती सांगते, या महिन्यात इतक्या लोकांना कार्ड नाकारावं लागलं, कारण त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नव्हता, तर नियम असा बदलूया. खालच्या माणसाची कुरकुर वर पोचेपर्यंत तिचा प्रस्ताव झालेला असतो.

दुसरी गोष्ट, जिथे माहिती आहे तिथे अधिकार. याचं मोठं उदाहरण दंडाचं. पुस्तक उशिरा आणलं की दंड, ही रीत इथे पिढ्यान् पिढ्या होती. काउंटरवरच्या माणसांना ठाऊक होतं की दंडामुळे पुस्तक लवकर येतं असं नाही. पुष्कळदा दंड झालेली आई पुस्तकही आणत नाही आणि मुलालाही आणत नाही. अनेक मॅनेजर आपल्या अधिकारात असे दंड माफ करत असत. पुढे जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने असे दंड सामाजिक विषमता वाढवतात असा ठराव केला. १ ऑक्टोबर २०१९ पासून शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने उशिराचा दंड बंद केला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या तिन्ही ग्रंथालय संस्थांनी तेच केलं. काउंटरवर रोज दिसणारी गोष्ट धोरण व्हायला इतकी वर्षं लागली. धोरण बदलेपर्यंतचा काळ निभावून नेतो तो मधल्या माणसाचा छोटासा अधिकार. माझ्या तक्त्यात मी नेमका तोच काढून घेतला होता.

तिसरी गोष्ट, निंदणी. शेतातल्या निंदणीसाठीचा इंग्रजी शब्दच इथले ग्रंथपाल पुस्तकांसाठी वापरतात. फाटलेली, कालबाह्य झालेली, चुकीची माहिती देणारी पुस्तकं ठरावीक काळाने काढून टाकायची. त्यासाठी टेक्सासच्या राज्य ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेली एक पद्धत इथे सर्रास वापरली जाते. पुस्तक किती जुनं आहे, शेवटचं कधी गेलं आणि त्याची अवस्था काय आहे, या तीन गोष्टी पाहून निर्णय घ्यायचा. हे काम डायरेक्टर करू शकत नाही, कारण त्याला फळी माहीत नसते. नवा स्वयंसेवकही करू शकत नाही, कारण त्याला पुस्तक फेकायची भीती वाटते. जो दोन्ही ओळखतो त्यानेच ते करायचं. निंदणी झाली नाही की चांगली पुस्तकं तणात हरवतात आणि लोक म्हणतात, इथे वाचण्यासारखं काही नाही.

चौथी गोष्ट, माणसं घडवणं. ग्रंथपालाच्या पदासाठी इथे साधारणपणे ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स डिग्री लागते. तिथे वर्गीकरण, संदर्भसेवा, बालसाहित्य शिकवतात. मॅनेजमेंट जेमतेम एखाद्या कोर्सपुरतं. मग उत्तम संदर्भसेवा देणाऱ्या माणसाला बढती मिळते आणि एका सोमवारी तो आठ माणसांचा साहेब होतो. आमच्याकडेही हेच. चांगला कोड लिहिणाऱ्याला मॅनेजर करायचं, की चांगला प्रोग्रामरही गेला आणि मॅनेजरही धड मिळाला नाही. ज्या शाखा चांगल्या चालल्या होत्या तिथल्या मॅनेजरनी आपल्यानंतर कोण हे दोन वर्षं आधी ओळखलं होतं आणि त्या माणसाला शेजारी बसवून कामं दाखवली होती.

या चारही गोष्टी एकत्र दिसल्या २०२० मध्ये. मार्चमध्ये ग्रंथालयं बंद झाली. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, जिथे जसं जमलं तसं, गाडीत बसल्या बसल्या पुस्तकं द्यायला सुरुवात झाली. कागदावर विषाणू किती काळ टिकतो याचा अभ्यास चालू होता, तोवर परत आलेली पुस्तकं काही दिवस बाजूला ठेवायची होती. बोर्डाने फक्त 'सुरक्षितपणे सेवा द्या' असं सांगितलं होतं. कुठल्या टेबलावर सोमवारची, कुठल्यावर मंगळवारची, पिशवीवर नाव कसं लिहायचं, घरी वृद्ध आई-वडील असलेल्या कर्मचाऱ्याला कुठलं काम द्यायचं, हे सगळं मधल्या फळीनं ठरवलं. माझ्या जुन्या वहीत ते सगळं 'इतर' या रकान्यात गेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पगारी नोकरांच्या अमेरिकन ग्रंथालयांचं झालं, आपल्याशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अमेरिकेत आले होते. इथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून ते प्रभावित झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला नेलं. बॉर्डन तिथे तीन वर्षं होते. तेवढ्या काळात बडोदा संस्थानात मध्यवर्ती ग्रंथालय आणि त्याखाली गावोगावच्या ग्रंथालयांचं जाळं उभं राहू लागलं. गावानं वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनं द्यायची आणि तेवढीच सरकारनं. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायची. आजच्या फिरत्या वाचनालयांचे ते पूर्वजच म्हणायचे.

बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. परदेशी तज्ज्ञ गेला की त्याच्यामागे योजना गुंडाळली जाते, असं आपण अनेकदा पाहतो. मी स्वतः असा तज्ज्ञ आहे, त्यामुळे खात्रीनं सांगतो. पण बडोद्याची योजना टिकली आणि वाढली. कारण बॉर्डन यांनी इमारती आणि पेट्यांबरोबर एक वर्गही सुरू केला होता, ग्रंथालयाचं काम शिकवणारा. त्यातून काम जाणणारी माणसं तयार झाली. आणि गावोगावच्या ग्रंथालयांची जबाबदारी होती मोतीभाई अमीन या गृहस्थांकडे. ते मूळचे शिक्षक. सरकारी योजना येण्याआधीच त्यांनी 'मित्र मंडळ' नावाने खेड्यांत वाचनालयं सुरू केली होती. खात्यात त्यांचं पद सहायक क्युरेटरचं. वर महाराज, खाली गावचा मास्तर, आणि मध्ये मोतीभाई. सयाजीरावांचं नाव आपण सगळे घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. पण त्यांची इच्छा गावापर्यंत पोचवणारा माणूस मधल्या फळीतला होता.

आता घरचा विषय.

आपल्या वाचनालयात चौदाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. चर्चच्या तळघरातल्या खोलीत, अकरा कपाटांत. खोलीचं भाडं आहे. गेल्या वर्षी फक्त नऊ घरांनी पुस्तकं नेली. म्हणून ठराव आलाय, की वाचनालय बंद करून पुस्तकं कुठेतरी देऊन टाकावीत. ठराव मांडणाऱ्यांवर माझा राग नाही. आकडे बघून तसाच निष्कर्ष निघतो. मीही एकदा आकडे बघूनच निष्कर्ष काढला होता.

पण हे वाचनालय चांगलं कधी चाललं होतं ते आठवा. चौदा वर्षं ते आपल्या एका काकांच्या गॅरेजमध्ये होतं. ते आता पुण्याला परत गेलेत. तेव्हा कॅटलॉग म्हणजे एक दोनशे पानी वही. पण काका फोन करायचे, "अरे, तुझ्या सासूबाई आल्यात ना भारतातून? त्यांच्यासारख्यांना आवडेल असं एक पुस्तक बाजूला ठेवलंय, शनिवारी घेऊन जा." संक्रांतीला तिळगुळाबरोबर पुस्तकांची पिशवी गाडीत ठेवायचे. कोणी वर्षभर पुस्तक ठेवलं तरी दारात उभं राहून हसायचे, आत बोलावून चहा द्यायचे आणि पुस्तक घेऊन ठेवायचे. काकूंचं म्हणणं, या माणसाला दुसरा उद्योग नाही. काकूंच्या वहीतही ते 'इतर'मध्येच होतं.

काका गेले आणि किल्ल्या समितीकडे आल्या. समिती दरवर्षी बदलते. आणि मंडळी, तेव्हा मी पुढे होऊन ॲप तयार करून दिलं. प्रत्येक पुस्तकाला बारकोड, फोनवरून शोध, आपोआप जाणारी आठवण. चौदाशे पुस्तकं शोधता येतात, एका क्लिकवर! ॲप आजही उत्तम चालतं. फक्त पुस्तकं जात नाहीत. म्हणजे त्या काउंटीत मी जी चूक केली तीच आपल्या घरातही केली. काकांचं काम म्हणजे वही, असं समजलो आणि वहीच्या जागी ॲप दिलं. काकांच्या जागी कोणालाच दिलं नाही.

मी इथे ठरावाला विरोध करायला उभा आहे, पण नुसता विरोध करून बसणार नाही. माझा प्रस्ताव असा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी आहेत तशाच राहतील. दर शनिवारी येणारे स्वयंसेवकही राहतील. त्यांच्यामध्ये तीन माणसं नेमा. मुदत दोन वर्षं, आणि तिघांची एकदम संपणार नाही अशी. म्हणजे जुना माणूस नव्याला शिकवूनच बाहेर पडेल. या तिघांना वर्षाला दोनशे डॉलरपर्यंतची नवी पुस्तकं कोणालाही न विचारता घ्यायचा अधिकार द्या. हरवलेलं पुस्तक माफ करायचा अधिकार द्या. निंदणी करायचा अधिकार द्या. चौदाशेतली पाचशे पुस्तकं गेली तरी चालतील. जुनी दिवाळी अंकांची गठ्ठी, पानं निखळलेल्या कादंबऱ्या आणि एकाच पुस्तकाच्या सहा प्रती सांभाळायला आपण भाडं भरतोय. कपाटं अकराची सहा झाली की ती या हॉलमध्येच मावतील आणि खोलीचा प्रश्नच राहणार नाही.

आणि त्यांच्याकडून मागायचं काय? दर महिन्याला कार्यकारिणीला अर्ध्या पानाचं पत्र. त्यात किती पुस्तकं गेली हे लिहा, पण कोणाला काय हवं होतं आणि मिळालं नाही, तेही लिहा. आपल्या मराठी शाळेतल्या मुलांना मोठ्या टाइपातली, सोप्या वाक्यांची पुस्तकं हवी आहेत, हे मला शाळेच्या शिक्षिकांनी परवा पार्किंगमध्ये सांगितलं. ते कार्यकारिणीपर्यंत पोचलं नव्हतं, कारण पोचवायला मध्ये कोणी नव्हतं.

दोन वर्षं द्या. दोन वर्षांनंतरही नऊच घरं असली, तर हाच ठराव मी स्वतः मांडेन आणि पुस्तकांची खोकीही मीच उचलेन.

त्या काउंटीतल्या माणसाचा अर्ज पुढे भरला गेला की नाही, ते मला कधीच कळणार नाही. माझ्या स्लाइडवर तो कुठेच नव्हता. आपल्या यादीतही अशी माणसं नसतील: भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी, ज्यांना बाहेर बर्फ आणि घरात इंग्रजी टीव्ही, किंवा तिसरीतली एखादी मुलगी, जिला 'ळ' नुकताच यायला लागलाय. त्यांच्या हातात योग्य पुस्तक कोणीतरी ठेवावं लागतं.

चहाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. हो, वहीच आहे, ॲप नाही! ज्यांना या तिघांपैकी एक व्हायचंय त्यांनी नाव लिहावं. पहिलं नाव माझं आहे. पुण्याला काकांना मी फोन केला होता. सोमवारी काय करायचं, मंगळवारी काय करायचं, ते त्यांनी विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "काका, आधी 'का' ते सांगा." तासभर बोलत होते.